गुणगुणून गाणं शोधणारं अॅप : आठ महिन्यांनंतर

वर्गणीचे पैसे काल खात्यातून आपोआप कापले गेले, म्हणून आज लिहायला बसले. अॅप काय करतं हे बहुतेकांना ठाऊक आहे, ते परत सांगत नाही. मी ते एकाच गाण्यासाठी घेतलं होतं. लहानपणी टीव्हीवर पाहिलेला व्हिडिओ : चिखलाचे खंदक, दोन्हीकडचे सैनिक मधल्या मैदानात भेटतात, एकमेकांना घरच्यांचे फोटो दाखवतात, मागे मुलांचा कोरस. ख्रिसमसचं गाणं, एवढं डोक्यात पक्कं होतं.

माझी मुख्य तक्रार एकच आहे आणि तिच्यापुढे बाकी सगळं किरकोळ आहे. आपण जे गुणगुणतो ते हे अॅप साठवत नाही. दर वेळी नव्याने गायचं. मग ते चार-पाच गाणी सुचवतं, आपण ती ऐकतो आणि त्यांची चाल कानात बसते. तिसऱ्या महिन्यापर्यंत माझ्या दुसऱ्या ओळीत भलत्याच ख्रिसमसच्या गाण्याची चाल शिरली होती. मला ते कळलंसुद्धा नाही.

तेव्हा मी एकच स्टार देणार होते. नंतर थोडं वाचलं आणि मत बदललं. मूळ रेकॉर्डिंग वाजत असेल, तर अशी अॅप्स आवाजातले ठळक बिंदू घेऊन त्यांचा ठसा जुळवतात. त्यामुळे गोंगाटातही काही सेकंदांत नाव मिळतं. गुणगुणताना तो ठसा नसतोच. तिथे फक्त स्वरांचा चढउतार जुळवला जातो. पट्टी चुकली तरी चालतं, ओळ चुकली की संपलं. आणि माझी ओळच चुकत होती.

शेवटी गाणं सापडलं ते चित्रावरून. शब्दांत ‘ख्रिसमस’ शोधणं सोडलं आणि पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या नाताळात खंदकांमध्ये झालेल्या युद्धविरामावरचे व्हिडिओ पाहत गेले. इंग्लिश गायक पॉल मॅकार्टनी, ‘पाइप्स ऑफ पीस’, डिसेंबर १९८३. व्हिडिओत इंग्रज आणि जर्मन असे दोन्हीकडचे मुख्य सैनिक तोच झालाय! गाण्याच्या शब्दांत ख्रिसमस कुठेच नाही, तो फक्त व्हिडिओत आहे. आणि त्यात तबला आहे. मला तबल्यासारखं काहीतरी आठवत होतं, पण इंग्रजी ख्रिसमसच्या गाण्यात तबला कुठून येणार, म्हणून ती आठवण मीच बाजूला सारली होती. त्याचं फार वाईट वाटलं.

वर्गणी बंद केली आहे. गूगलवर गुणगुणून शोधायची सोय २०२० पासून फुकट आहे, मग पैसे का द्यायचे? तीन स्टार देतेय, तेही पट्टी चुकली तरी सांभाळून घेतं म्हणून.

नवीन घेणाऱ्यांना कळकळीने सांगते, अॅप उघडण्याआधी फोनच्या रेकॉर्डरवर चाल गाऊन ठेवा, मगच बाकीचं ऐका. गाणं सापडल्यावर ताईला फोन केला, तर तिच्याकडे चार वर्षांपूर्वीचा माझा व्हॉइस मेसेज निघाला : “हे गाणं कुठलं गं, आठवतंय का?” आणि पुढे तो कोरस, दोन्ही ओळी अगदी बरोबर. तो मेसेज अॅपला ऐकवला. पहिलंच नाव तेच आलं.