एलएमडीबी: काही महिने वापरल्यावर, मॅक्सरीडर्सच्या सेटिंगबद्दल

आमच्या शोधसेवेचा सगळा डेटा गेले काही महिने एलएमडीबीत (ॲपमध्येच बसवून वापरायच्या की-व्हॅल्यू डेटाबेसमध्ये) आहे. डेटा फाइल थेट मेमरीत मॅप होत असल्याने वाचन फार वेगात होतं. वेगावर यापेक्षा जास्त लिहीत नाही, मला बोलायचंय मॅक्सरीडर्सवर, म्हणजे एका वेळी किती रीड ट्रान्झॅक्शन (वाचनाचे व्यवहार) चालू शकतात या मर्यादेवर.

एलएमडीबीत लिहिणारा एका वेळी एकच असतो, तो आकडा वाढवताच येत नाही. वाचणाऱ्यांना तो अडवत नाही आणि वाचणारेही त्याला अडवत नाहीत. मात्र प्रत्येक चालू रीड ट्रान्झॅक्शनला लॉक फाइलमध्ये (कोण वाचतंय याची नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्ये) एक स्लॉट, म्हणजे एक जागा, लागतो, आणि काही बदललं नाही तर असे स्लॉट १२६ मिळतात. लिनक्सवर ही फाइल बरोब्बर ८१९२ बाइटची दिसते: सुरुवातीला १२८ बाइट, मग ६४ बाइटचा एकेक स्लॉट.

एके दिवशी 'रीडर्स फुल' एरर यायला लागली. टीममध्ये लगेच सूर निघाला, मर्यादा हजार करून टाका. त्याआधी वाचणाऱ्यांची यादी दाखवणारं 'एमडीबी_स्टॅट -आर' चालवून बघितलं आणि चित्र स्पष्ट झालं. यादीतले कितीतरी पीआयडी (प्रोसेसचे नंबर) चालूच नव्हते. मेमरी कमी पडली की कर्नल आमचे वर्कर (सेवेच्या प्रोसेस) मारत होता, आणि त्यांचे स्लॉट तसेच अडकून राहत होते. आता प्रत्येक नवा वर्कर सुरू होताना 'रीडर_चेक' चालवतो, मेलेल्या प्रोसेसचे स्लॉट लगेच मोकळे होतात.

त्याच यादीत एक ओळ जिवंत प्रोसेसची होती, पण तिचा ट्रान्झॅक्शन नंबर बाकीच्यांपेक्षा खूप मागे होता. रिपोर्टची स्क्रिप्ट एकच रीड ट्रान्झॅक्शन तासन्‌तास उघडं ठेवत होती. स्लॉट एकच, पण खरा धोका इथेच आहे. त्या जुन्या स्नॅपशॉटनंतर (ट्रान्झॅक्शन सुरू झालं तेव्हाच्या डेटाच्या चित्रानंतर) सुटलेली पानं पुन्हा वापरता येत नाहीत, म्हणून प्रत्येक लेखनागणिक फाइल फुगत जाते, शेवटी मॅपसाइज (फाइलला ठरवून दिलेली कमाल मर्यादा) संपते. फुगलेली फाइल आपोआप लहानही होत नाही, 'एमडीबी_कॉपी -सी' ने नवी प्रत काढावी लागते. सुरुवातीलाच हजार स्लॉट दिले असते तर ही यादी कोणी उघडून बघितलीच नसती.

म्हणून माझं मत पक्कं आहे: वर्कर गुणिले थ्रेड असा हिशोब करा, थोडी जागा वर ठेवा आणि तिथे थांबा. चोवीस वर्कर, प्रत्येकी आठ थ्रेड असतील तर १९२ होतात, तिथे १२६ पुरणार नाहीत, वाढवावेच लागतील. आकडा एन्व्हायर्नमेंट (म्हणजे डेटाबेस) उघडण्याआधी द्यायचा. आणि दुसऱ्या कुठल्या प्रोसेसने ते आधीच उघडून ठेवलं असेल तर लॉक फाइलचा जुना आकारच लागू राहतो, त्यामुळे सगळ्या प्रोसेस बंद करूनच बदल करा.

एक उणीव मात्र जाणवते. लेखनासाठी रांगेत थांबलेल्या ट्रान्झॅक्शनला कालमर्यादा देता येत नाही. आम्ही सगळं लेखन एकाच प्रोसेसकडे दिलंय, आणि कमिट छोटे ठेवतो.