इंकस्केप उतरवून घेतलं आणि बिलाचे 62,400 रुपये गेले

सांगलीत माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांची पासबुकं अशी कामं असतात. गेल्या दिवाळीआधी डिझाइनचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर काढून इंकस्केप वापरायचं ठरवलं. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, 2003 पासून जगभरातली माणसं मिळून ते घडवतात आणि त्याला पैसे पडत नाहीत. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. घात झाला तो ते उतरवून घेताना.

नाव टाकून शोधलं आणि सगळ्यात वरच्या लिंकवर क्लिक केलं. तिथे बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं होतं, म्हणजे ती जाहिरात होती. पान हुबेहूब, काळ्या डोंगराचा लोगोही तोच. पत्त्यात एक अक्षर जास्त होतं, ते मला फार उशिरा दिसलं. झिप फाइल आली. तिचा पासवर्ड पानावरच दिला होता. पासवर्ड लावलेली फाइल अँटिव्हायरसला आतून तपासता येत नाही, तो त्यासाठीच होता. आतली फाइल 700 एमबीची, खरी 200 एमबीच्याही आत असते. इन्स्टॉल होईपर्यंत अँटिव्हायरस बंद ठेवा अशी सूचना होती, तीही मी पाळली. इंकस्केप व्यवस्थित चालू झालं, त्यामुळे शंका आलीच नाही.

तीन आठवड्यांनी एका पतसंस्थेला पासबुकांच्या थकलेल्या बिलासाठी फोन केला. तिथले क्लार्क म्हणाले, "दादा, पैसे चार दिवसांपूर्वीच भरले की. तुम्हीच मेल केलात, खातं बदललंय म्हणून."

मेल माझ्याच पत्त्यावरून गेला होता. बिल माझंच, फक्त खाते क्रमांक दुसरा.

माझ्या मेलला ओटीपी लावलेला होता, तरी हे झालं कसं? एकदा लॉग-इन केलं की ब्राउझर त्याची खूण, म्हणजे कुकी, जपून ठेवतो. त्या फाइलने जतन केलेले पासवर्ड आणि या कुकीज दोन्ही उचलल्या. कुकी हातात असली की ना पासवर्ड विचारला जातो, ना ओटीपी. वर चोरांनी मेलमध्ये एक फिल्टर लावला होता: पतसंस्थेकडून काहीही आलं की थेट कचऱ्यात. पतसंस्थेने खात्याबद्दल खात्री करायला पाठवलेला मेल मला दिसलाच नाही. तुमच्या मेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग आजच बघा. बहुतेक लोक तिथे कधीच जात नाहीत.

1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली. पण चार दिवसांत पैसे पुढच्या खात्यांत गेले होते, 9,000 तेवढे गोठवता आले. पहिल्या काही तासांत फोन गेला असता तर जास्त वाचले असते. दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून सगळे पासवर्ड बदलले, सगळ्या उपकरणांवरून लॉग-आउट केलं (नुसता पासवर्ड बदलून भागत नाही) आणि दुकानातला कॉम्प्युटर पूर्ण फॉरमॅट केला.

भाचा म्हणाला, "मामा, फुकटचं असंच असतं." मला ते पटत नाही. आज त्याच कॉम्प्युटरवर इंकस्केप आहे, पण पत्ता स्वतः टाइप करून, इंकस्केप डॉट ऑर्गवरून घेतलेलं.

आता माझ्या प्रत्येक बिलाच्या तळाशी एक ओळ असते: 'खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला तर आमच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.' बिलबुकं छापायला येणाऱ्यांना ही ओळ मी जादा पैसे न घेता छापून देतो.