आवे सीझर : फाशाविना रथांची शर्यत

मित्रमंडळींत खेळायला रथशर्यतीचा एकच बोर्डगेम घ्यायचा असेल, तर वोल्फगांग रीडेसर यांचा 'आवे सीझर' घ्यावा. राव्हेन्सबुर्गर या जर्मन कंपनीने तो १९८९ मध्ये काढला आणि २००६ मध्ये आस्मोदे या फ्रेंच कंपनीने नव्या रूपात आणला. नियम दहा मिनिटांत सांगून होतात. फासा कुठेच नाही, तरीही शेवटच्या वळणापर्यंत शर्यत कुणाची ते सांगता येत नाही. पाच-सहा भिडू नक्की जमणार असतील तर याला तोड नाही. तिघंच असाल तर मात्र घेण्याआधी विचार करा. तिघांत रस्ता मोकळा राहतो, कुणी कुणाला अडवू शकत नाही आणि खेळातला अर्धा जीव जातो.

रचना अशी : प्रत्येक भिडूला आपल्या रंगाचा एक रथ आणि त्याच रंगाचे २४ पत्ते. पत्त्यांवर १ ते ६ हे आकडे, प्रत्येक आकड्याचे चार पत्ते. आपले पत्ते पिसून पालथे ठेवायचे आणि वरचे तीन हातात घ्यायचे. पाळी आली की एक पत्ता टाकायचा, रथ बरोबर तितकी घरं पुढे न्यायचा आणि गड्डीतून नवा पत्ता उचलून हातात पुन्हा तीन करायचे. घर अडलेलं असेल तर त्यावर थांबता येत नाही आणि त्यातून पलीकडेही जाता येत नाही. मागे फिरणं नाही. पत्ता टाकता येत असेल तर टाकावाच लागतो, नको असला तरी. तिन्हींपैकी एकही चालत नसेल तर पाळी जाते, पण पत्ते हातातच राहतात, बदलून मिळत नाहीत. असं करत मार्गाच्या तीन फेऱ्या जो आधी पूर्ण करील तो जिंकला.

आता थोडा हिशेब, कारण या खेळाची सगळी गंमत त्यात आहे. १ ते ६ ची बेरीज २१, चार वेळा धरली की ८४. म्हणजे प्रत्येक रथाच्या पोटात ८४ घरांचंच बळ आहे. एक घर जास्त नाही, एक कमी नाही. वापरलेले पत्ते परत येत नाहीत. वळणांवर आतली मार्गिका जवळची, बाहेरची लांबची. दर वळणाला बाहेरून गेलेला रथ पत्ते संपल्यामुळे शेवटच्या रेषेच्या अलीकडेच थांबतो. नव्या भिडूंना हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर तिसऱ्या फेरीत हिरमोड ठरलेला.

यातून दुसरी गोष्टही निघते. सगळ्यांच्या गड्ड्या सारख्याच असल्यामुळे 'मला वाईट पत्ते आले' ही तक्रार फार टिकत नाही. आज १ आला तर ६ पुढे यायचाच आहे. फरक पडतो तो दोनच गोष्टींनी : कोणता रस्ता धरला आणि किती पाळ्या फुकट गेल्या.

पाळ्या फुकट जातात त्या अरुंद वळणांवर. समजा लाल रथ एकेरी वाटेवर उभा आहे आणि निळा त्याच्या मागे तिसऱ्या घरावर आहे, म्हणजे मधे दोन घरं रिकामी. निळ्याला फक्त १ किंवा २ चालतो. त्याच्या हातात ३, ५ आणि ६ असतील तर तो जागीच. पुढच्या पाळीला लालने ४ टाकला तर अंतर सात घरांचं होतं आणि निळ्याचे तिन्ही पत्ते चालू होतात. पण लालने मुद्दाम १ टाकला तर अंतर फक्त चारचं, मग निळ्याला ३ शिवाय पर्याय नाही आणि तो लालला चिकटून उभा राहतो. त्याच्या मागचे तिघेही मग रांगेत. एका छोट्या पत्त्याने चार रथ अडवता येतात. म्हणून १ आणि २ हे पत्ते सरळ रस्त्यावर उधळू नयेत, वळण जवळ येईपर्यंत एक तरी हातात धरून ठेवावा. नवखा भिडू पहिल्या फेरीत बारके पत्ते कटकट समजून काढून टाकतो आणि दुसऱ्या फेरीत अडकतो.

याहून मोलाचा नियम म्हणजे सगळ्यात पुढे असलेल्या रथाला ६ टाकता येत नाही. ऐकायला साधा वाटतो, पण अख्खी शर्यत यावर तोललेली आहे. आघाडीवर असताना हातात आलेला प्रत्येक ६ तिथेच अडून बसतो. दोन ६ साठले की निवड उरते एकाच पत्त्याची, तो जिकडे नेईल तिकडे जायचं. तिन्ही ६ झाले तर कुणी पुढे जाईपर्यंत उभं राहायचं. शिवाय ८४ मधून चार ६ वजा केले तर उरतात ६०, आणि तेवढ्यात तीन फेऱ्या होत नाहीत. म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुढे राहून जिंकण्याचा रस्ता बंदच केलेला आहे. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर राहून ६ सरळ पट्ट्यात वापरून घ्यावेत आणि पुढच्याचे हात भरू द्यावेत, हाच पक्का डाव. पुढे असलेल्याला कुणाला तरी पुढे जाऊ द्यायचं असतं, मागच्याला ते नको असतं. ही ओढाताण पाहण्यासारखी असते.

दोन रथ बरोबरीने पुढे असतील तर ६ चालतो की नाही, हे शर्यत सुरू होण्याआधी ठरवून घ्या. वाद होतो तो नेमका इथे.

सीझरला सलाम हा खेळाचा नाट्यमय भाग. पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीच्या शेवटी रथ मुख्य रस्ता सोडून सम्राटासमोरच्या गल्लीत न्यायचा, मोठ्याने 'आवे सीझर!' म्हणायचं आणि नाणं द्यायचं. तिसरी फेरी सुरू होण्याआधी हे केलं नाही तर रथ बाद. गल्ली अरुंद आहे, त्यामुळे तिथेही कोंडी होते. पहिल्या फेरीच्या शेवटी गल्ली रिकामी दिसली तर काम उरकून टाकावं. दुसऱ्या फेरीवर ढकललं आणि तेव्हा गल्लीत दोन रथ अडकलेले असले, तर बाहेर ताटकळावं लागतं आणि टाकता येण्याजोगा पत्ता टाकावाच लागतो, त्यामुळे गल्लीचं तोंड चुकवून पुढे जावं लागण्याची भीती असते. पुढे असलेल्याला मात्र गल्लीचा एक फायदा आहे : आत शिरताना कुणी पुढे निघून गेलं की साठलेले ६ मोकळे होतात.

सहा जणांचे २४ पत्ते म्हणजे जास्तीत जास्त १४४ चाली. दहा सेकंदांना एक चाल धरली तर २४ मिनिटं. प्रत्यक्षात पहिल्यांदा खेळताना पाऊण तास धरा. पाळी येण्याआधीच पत्ता ठरवून ठेवायची शिस्त लावली तर खेळ वेगाने पळतो, आणि तो पळायलाच हवा. रेंगाळला की मजा जाते. वळणावर घरं मोजताना चूक होते कारण मार्गिका वेगवेगळ्या लांबीच्या असतात. रथ उचलून न ठेवता बोटाने घराघरातून सरकवावा, म्हणजे सगळ्यांना दिसतं. पत्ता टाकला पण नवा उचलायला विसरला, हेही सारखं होतं. म्हणून 'टाका, सरका, उचला' हा क्रम मोडू देऊ नका.

बोर्डाला दोन बाजू आहेत आणि दोन्हींवर वेगळा मार्ग आहे. एका बसणीला दोन्ही बाजू खेळून क्रमांकांचे गुण एकत्र करावेत. एकाच शर्यतीवर निकाल लावला तर एका कोंडीत सापडलेल्या भिडूवर अन्याय होतो.

आता खरेदीबद्दल. दुकानात हा खेळ सहज दिसत नाही, बहुतेक प्रती जुन्या बाजारातूनच मिळतात. परदेशातून मागवणार असाल तर टपालखर्च आणि कस्टम धरून किंमत बघा. जुनी जर्मन प्रत घ्यायला हरकत नाही, कारण पत्त्यांवर फक्त आकडे आहेत आणि वाचता न येणारं मूलही खेळू शकतं. विकणाऱ्याकडून एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्या : प्रत्येक रंगाचे २४ पत्ते आहेत का आणि प्रत्येक आकड्याचे चार आहेत का. एखादा ६ हरवला असेल तर त्या रथाचं बळ ७८ वर येतं आणि तो भिडू बसल्याजागी हरलेला असतो. बाकीच्यांचा एकेक ६ काढून बरोबरी करायची युक्ती सुचते, पण मग कुणालाच बाहेरून जायला वाव राहत नाही आणि शर्यत आखडते.

यावर घरचा इलाज आहे आणि तो चोख आहे. साध्या ५२ पत्त्यांच्या कॅटमधून एक्का ते छक्की असे चारही रंगांचे पत्ते काढले की ते बरोबर २४ होतात, बेरीज ८४. एका भिडूची एक गड्डी तयार. कॅटच्या पाठी वेगवेगळ्या असल्या तर गड्ड्या एकमेकांत मिसळतही नाहीत. पत्ते खराब होऊ नयेत म्हणून प्लास्टिकची पाकिटं घालणार असाल तर गड्डीतल्या सगळ्या पत्त्यांना घाला, नाहीतर पाठीवरून पत्ता ओळखू येतो.

प्राचीन रोममधल्या सर्कस मॅक्सिमस या रथशर्यतीच्या मैदानाशी हा खेळ किती जुळतो? तिथे सात फेऱ्या असत, लाल, पांढरा, निळा आणि हिरवा हे चार संघ असत, सारथी लगाम कमरेला गुंडाळत आणि अपघातात ते कापता यावेत म्हणून सुरी जवळ ठेवत. दुसऱ्या शतकातल्या गायस अपुलियस डायोक्लिसने ४,२५७ शर्यतींत भाग घेऊन १,४६२ जिंकल्या. त्या शर्यतीतला चाबूक, उलटणारे रथ, फरफटणारे सारथी यातलं काहीच 'आवे सीझर'मध्ये नाही. वळणावरची गर्दी आणि आतल्या वाटेसाठीची झुंज मात्र त्यात नेमकी उतरली आहे.

मोडतोड हवीच असेल तर ॲव्हलॉन हिल या अमेरिकी कंपनीचा १९८० चा 'सर्कस मॅक्सिमस' हा खेळ शोधा. त्यात घोडे, रथ आणि सारथी यांचे वेगवेगळे गुण, चाबकाचे वार, चाकांची हानी असं सगळं आहे, पण तक्ते आणि नोंदी पुष्कळ असल्याने अख्खी संध्याकाळ लागते. मधला मार्ग म्हणजे मॅट लीकॉक यांचा २०१६ चा 'चॅरियट रेस'. तो फाशांचा आहे, वेग वाढवून वळण घेतलं तर रथाची हानी होते आणि प्रतिस्पर्ध्यावर हल्लाही करता येतो. नशिबाचा भाग त्यात जास्त आहे, त्यामुळे आठ-नऊ वर्षांची मुलं सोबत असतील तर तोच बरा. मोठ्यांच्या टोळक्यासाठी 'आवे सीझर', आणि तोही सहा खुर्च्या भरल्यावर.