समलिंगी जोडप्यांची कागदपत्रं करून देणाऱ्या फोर्टमधल्या वकीलबाई : एका आईचा अनुभव

ज्यांना कायद्याने लग्न करता येत नाही, त्यांचं नातं जेवढं कागदावर बांधता येईल तेवढं बांधून द्यायचं, हे या वकीलबाईंचं काम. मृत्युपत्र, शुद्ध हरपली तर उपचार कसे व्हावेत हे आधीच लिहून ठेवणारं आगाऊ निर्देशपत्र, मुखत्यारपत्र, एकत्र राहण्याचा करार आणि बँक, विमा, सोसायटी यांची नॉमिनेशनं असा सगळा संच त्या करतात. आमच्याकडून फी 32,000 रुपये घेतली. स्टँप, नोटरी आणि नोंदणीचा खर्च वेगळा. ऑफिस फोर्टात, बोरा बाजाराच्या अंगाला. नाव आणि पत्ता मुद्दाम देत नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांच्या घरी अजून काही माहीत नसतं, म्हणून त्या पाटीवरही फक्त 'दिवाणी व मालमत्ता' एवढंच लिहितात. ओळखीतून चौकशी केली की पत्ता मिळतो.

मी मुलुंडला राहते, महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. मुलगा आणि त्याचा जोडीदार मालाडला राहतात. तो जोडीदार मला काकू म्हणतो, दिवाळीला चकलीची भाजणी आठवणीने घेऊन जातो, आणि आमच्या ह्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात तोच बसून होता.

गेल्या पावसाळ्यात मुलाला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स झपाट्याने उतरल्या, रात्री अतिदक्षता विभागात हलवायची वेळ आली. दाखल करणारा, डिपॉझिट भरणारा, चार दिवसांचा ताप तासातासाला वहीत लिहून ठेवणारा त्याचा जोडीदार काउंटरवर उभा, आणि फॉर्मवर रकाना : रुग्णाशी नातं. त्याने मित्र लिहिलं. रक्ताचं कुणीतरी बोलवा, असं उत्तर मिळालं. आम्ही दोघं पवईच्या रस्त्याने रिक्षाने निघालो. मी तिथे जाऊन सही केली तेव्हा मुलाला काय औषधं चालू आहेत हेसुद्धा मला माहीत नव्हतं. ज्याला सगळं माहीत होतं तो बाजूला उभा राहून मला सांगत होता आणि मी ते डॉक्टरांना सांगत होते. मुलगा बरा झाला. त्यानंतर पंधरवड्यातच आम्ही या बाईंकडे गेलो.

त्यांची पहिली गोष्ट मला आवडली ती म्हणजे खोटी आशा लावत नाहीत. आमची समजूत होती की एक मुखत्यारपत्र केलं की दवाखान्याचं काम झालं. त्यांनी समजावलं, की देणाऱ्याची शुद्ध हरपली, त्याला स्वतःचं भलंबुरं ठरवता येईनासं झालं, तर साधं मुखत्यारपत्र नेमकं तेव्हाच लटकं पडतं. म्हणून त्या आगाऊ निर्देशपत्र करून घेतात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते मान्य केलं आणि जानेवारी 2023 मध्ये प्रक्रिया सोपी केली. पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागायचं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मुंबईत महापालिकेने असे कागद ठेवून घ्यायला अधिकारी नेमलेत, तिथे एक प्रत द्यायची हेही बाईंनीच सांगितलं. पण हा कागद बरं होण्याची आशा नसलेल्या अवस्थेसाठी आहे, डेंग्यूच्या रात्रीसाठी नाही, हेही त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. त्या रात्रीसाठी त्या वेगळं संमतीचं पत्र करतात. ते मानायचं की नाही हे समोरच्या दवाखान्यावर. नवरा-बायकोला हे पत्र कुणी मागत नाही.

मृत्युपत्राचं काम चोख. स्टँप ड्युटी लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण बाई नोंदणीचा आग्रह धरतात आणि डॉक्टरचा दाखलाही जोडून घेतात, कारण अशा मृत्युपत्राला घरचेच आव्हान देतात असा त्यांचा अनुभव. इथे त्यांनी मला एक गोष्ट सांगितली ती डोक्यातून जात नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अविवाहित पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर पहिल्या वर्गातली वारस त्याची आई. बाप दुसऱ्या वर्गात. म्हणजे ज्या घराचे हप्ते या दोघांनी मिळून फेडले, त्याची उद्या मालकीण मी, आणि त्यात राहणाऱ्याचा त्यावर काडीचा हक्क नाही. मला हा हक्क नको आहे. तो ज्याचा आहे त्याला कायद्याने द्यावा.

फ्लॅटचा अर्धा हिस्सा आत्ताच नावावर करून द्यावा असं मुलाच्या मनात होतं. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीस दिलं तर मूळ स्टँप ड्युटी 200 रुपये. या दोघांना मात्र खरेदीखताचा दर, मुंबईत अधिभार धरून सहा टक्के. अर्ध्या हिश्शाचे 50 लाख धरले तरी 3 लाख रुपये. शिवाय नात्याबाहेरच्याकडून 50,000 च्या वर भेट मिळाली की घेणाऱ्याला आयकर. नवरा-बायकोला तो नाही. या आयकराच्या तरतुदीला एका जोडप्याने 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलंय. बाईंनी कागदावर आकडे मांडले आणि स्वच्छ सांगितलं, हे करू नका, मृत्युपत्रावर भागवा. फी वाढवायची सोपी संधी त्यांनी सोडली.

सोसायटीचं तर विचारू नका. सहयोगी सभासद, म्हणजे मूळ सभासदाच्या जोडीने नाव लागणारा, कोण होऊ शकतं याची यादी 2019 पासून राज्याच्या सहकार कायद्यातच आहे : नवरा, बायको, आईवडील, भाऊबहीण, मुलं, जावई, सून, भाचे-पुतणे. भाचा चालतो. घरात राहणारा, मेंटेनन्स भरणारा, टाकी साफ करायला माणूस बोलावणारा जोडीदार चालत नाही. इथे बाईंकडेही उपाय नव्हता. नॉमिनी म्हणून नाव घातलं, पण नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो, मालक नव्हे, हे त्यांनी दोनदा बजावलं.

जिथे सरकारने दार किलकिलं केलंय तिथे काम झटकन झालं. ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ खात्याने कळवलं, की समलिंगी जोडप्यांना जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. त्याच सुमारास रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले धरा असंही पत्र निघालं. दोन्हींच्या प्रती बाई फाईलमध्येच लावून देतात. बँकेतल्या मुलीने प्रत वाचली, वरिष्ठांना दाखवली आणि त्याच दिवशी खातं उघडलं.

आता ज्या वादामुळे ही सेवा लागते त्याबद्दल. एप्रिल-मे 2023 मध्ये समलिंगी लग्नांना मान्यता मागणाऱ्या याचिकांची सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढची सुनावणी थेट दाखवत होते, ती मी दुपारी बसून ऐकली. पती, पत्नी आणि त्यांची मुलं ही भारतीय कुटुंबाची कल्पना, असं केंद्र सरकारचं म्हणणं होतं. 17 ऑक्टोबरला निकाल लागला. लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. निदान नात्याला कायदेशीर मान्यता द्यावी असं तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल यांचं मत, पण उरलेल्या तिघांनी तेही नाकारलं. जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. आता चेंडू संसदेकडे.

आमचे भाऊजी या निकालाने समाधानी आहेत. माणूस मनाने चांगला, मुलाच्या आजारपणात रोज फोन करायचे. त्यांचं म्हणणं, लग्न हा संस्कार आहे, त्याला हात लावू नका. मलाही लग्न संस्कारच वाटतं. अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी, हे सगळं माझ्या लग्नात झालं आणि त्यातलं एकही मला कमी नको होतं. पण 1954 चा विशेष विवाह कायदा कुठल्या संस्काराबद्दल बोलतच नाही. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या. ज्यांना भटजी नको असतील, ज्यांचा धर्म वेगळा असेल त्यांच्यासाठीच तो केला. तिथे दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी सही केली तर कुणाच्या देव्हाऱ्याला धक्का लागतो? कुठल्याही गुरुजींवर त्यांचं लग्न लावायची सक्ती करा असं मी म्हणत नाही. आणि महाराष्ट्रात 1873 पासून सत्यशोधक समाजाने भटजीशिवाय लग्नं लावली. त्यांनाही विरोध झाला, त्या जोडप्यांचे संसार झाले, त्यांची पणतवंडं आज आपल्या शेजारी राहतात.

भाऊजींचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार आहे. नवरा आणि बायको हे शब्द पोटगी, घटस्फोट, दत्तक, वारसा अशा कितीतरी कायद्यांत गुंतलेत, एक धागा ओढला की सगळं उसवतं. न्यायालयानेही साधारण हेच सांगितलं. मी म्हणते, काम मोठं आहे तर संसदेने ते बसून करावं, कलम-कलम वाचून करावं. तोवर त्या कामाचा बोजा मालाडच्या दोन मुलांनी 32,000 रुपये भरून वाहायचा, आणि तरी दवाखान्याच्या काउंटरवर जीव मुठीत धरायचा, हे मला पटत नाही.

सेवेतल्या उणिवाही सांगते. सगळे मसुदे इंग्रजीत येतात. ह्यांना आणि मला वाचायला मराठी प्रत मागावी लागली, ती उशिरा आली आणि वेगळे पैसे लागले. लिफ्ट नाही, दुसरा मजला, जिना अरुंद. फोन बऱ्याचदा उचलत नाहीत, मेसेजला मात्र रात्रीपर्यंत उत्तर येतं. पुढे नोकरी किंवा घर बदललं तर कागद नव्याने करावे लागतील, त्याची फी किती हे आधी लिहून घ्या. आम्ही विचारलं नव्हतं, तेव्हा त्यांनी सांगितलंही नाही.

पाचपैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण मराठी प्रतीसाठी कापला. कायद्यात जे नाही त्याचे गुण बाईंचे कापणं अन्यायाचं होईल. जाताना दोघांचं आधार, पॅन, घराचा करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पीएफ आणि विम्याचे कागद न्या. साक्षीदार म्हणून ज्यांना मृत्युपत्रात काही मिळणार नाही असे दोन जण आधीच ठरवा, जमल्यास तुमच्याहून वयाने लहान. आईवडील राजी असतील तर पहिल्या भेटीलाच त्यांना सोबत न्या. वारस म्हणून ज्यांची नावं कायद्यात आहेत त्यांच्यासमोरच सगळं वाचून झालं, की पुढे भांडायला कुणी उरत नाही असं बाई म्हणतात, आणि आमच्या घरी तरी तसंच झालं.