टॉर्क कन्व्हर्टर आधी कुठे बसवायचा: इंजिनावर की गिअरबॉक्सवर?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बदलताना जळगाव-धुळे हायवेवरचे काही मिस्त्री कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आधी फ्लेक्सप्लेटला (इंजिनाच्या मागच्या टोकाची पातळ चकती) बोल्ट करतात आणि मग गिअरबॉक्स पुढे ढकलतात. काम पटकन उरकल्यासारखं वाटतं, पण आतलं काहीच दिसत नाही. गिअरबॉक्समधल्या तेलपंपाच्या खाचा जुळल्या नाहीत आणि बोल्ट आवळून बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडलं जाणारं घंटेसारखं तोंड) ओढलं, की इंजिन सुरू होण्याआधीच पंपाचा निकाल लागतो.

दुसऱ्या पद्धतीत गिअरबॉक्स तोंड वर करून उभा ठेवायचा. कन्व्हर्टरमध्ये लिटरभर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) ओतायचं, सीलवर तेलाचं बोट फिरवायचं, मग कन्व्हर्टर हलक्या दाबाने फिरवत बसवायचा. इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्सचा मधला दांडा), स्टेटर (त्याभोवतीची न फिरणारी नळी), पंप अशा तीन पायऱ्या असतात. बहुतेकदा प्रत्येकीला तो ‘टक’ करून खाली उतरतो. भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली एवढा धीर धरवत नाही, मान्य! तरी मी हीच पद्धत धरतो. गिअरबॉक्स चढवताना कन्व्हर्टर पुढे सरकू नये म्हणून पट्टीने अडवायचा.

बेल हाउसिंग इंजिनाला हातानेच टेकलं पाहिजे. त्यानंतर कन्व्हर्टर मोकळा फिरायला हवा आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत थोडी फट हवी, बऱ्याच गाड्यांत साधारण ३ ते ५ मिमी. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. फटच नसेल तर भाऊ, गिअरबॉक्स परत उतरव.