वृत्तपत्रविद्येच्या पदवीधरांची पुस्तके : कोणते घ्यावे, कोणते परत ठेवावे

वृत्तपत्रविद्या आणि जनसंज्ञापन विभागातून शिकून बाहेर पडलेल्यांच्या नावावर साधारण चार जातींची पुस्तके येतात : छापून आलेल्या लेखांचे आणि वृत्तमालिकांचे संग्रह, प्रबंधावरून केलेली पुस्तके, परीक्षेसाठीची क्रमिक पुस्तके आणि एकाच विषयाचा दीर्घकाळ माग काढून लिहिलेले रिपोर्ताज. या लेखकांकडे जे भांडवल असते ते इतर लेखकांकडे सहसा नसते. माणसाला गाठून विचारायचे, त्याने सांगितलेले दुसरीकडून पडताळायचे आणि मुदतीत लिहायचे, ही सवय त्यांना लागलेली असते. तरीही या चारही जातींत निराशा करणारी पुस्तके बरीच निघतात. कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच : जुनी फाइल उघडली, प्रस्तावना जोडली आणि छापायला दिली. पुस्तक म्हणून मजकूर पुन्हा लिहिलाच नाही.

हे सर्वांत जास्त दिसते ते संग्रहांत. पुस्तक हातात घेतल्यावर आधी प्रत्येक लेखाखाली मूळ प्रसिद्धीची तारीख आहे का ते पाहावे. तारीख नसेल तर ‘परवाच्या बैठकीत’, ‘विद्यमान मंत्री’, ‘येत्या मंगळवारी’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही. मग अनुक्रमणिका पाहावी. एका कॉलमात बसावीत म्हणून केलेली दोन-तीन शब्दांची शीर्षके तशीच ठेवली असतील, तर लेख कशावर आहे हे अनुक्रमणिकेवरून कळत नाही. वृत्तमालिका असेल तर तिचे सलग तीन भाग चाळावेत. दैनिकाच्या वाचकाने कालचा अंक पाहिला नसेल असे धरून प्रत्येक भागात पार्श्वभूमीच्या चार ओळी पुन्हा दिलेल्या असतात. वर्तमानपत्रात ते योग्यच आहे. पुस्तकात मात्र बारा भागांच्या मालिकेत त्याच चार ओळी बारा वेळा येतात आणि पाचव्या भागाच्या आसपास वाचक पाने सोडू लागतो.

शेवटही तपासावेत. बातमी उलट्या पिरॅमिडने लिहिली जाते : महत्त्वाचे सगळे वर, जागा कमी पडली तर संपादकीय डेस्कने खालून कापायचे. त्यामुळे मूळ मजकुराचा शेवटचा परिच्छेद हा सर्वांत कमी महत्त्वाचा परिच्छेद असतो. पुस्तकातल्या लेखाला ही रचना मारक ठरते, कारण पहिल्या दोन वाक्यांत सगळे सांगून झालेले असते आणि लेख ‘अशी मागणी नागरिकांतून होत आहे’ या ओळीवर विझतो. पाच लेखांचे फक्त शेवट वाचले तरी संग्रह नव्याने लिहिला आहे की नुसता गोळा केला आहे, ते कळते.

चांगल्या संग्रहाची खूण म्हणजे लेखानंतरची टीप. खटल्याचे पुढे काय झाले, बंद पडलेली योजना सुरू झाली का, ज्यांच्याविषयी लिहिले ती माणसे आज कुठे आहेत, हे शंभर-दीडशे शब्दांत सांगितले की जुना लेखही आजचा होतो. याच टीपेत दुरुस्ती यायला हवी. दैनिकात चुकीची दुरुस्ती दुसऱ्या दिवशी वेगळ्या चौकटीत छापली जाते. लेखाच्या जतन केलेल्या कात्रणात ती नसते. कात्रणावरून पुस्तक केले की सुधारलेली चूक पुन्हा जिवंत होते, आणि या वेळी तिच्याशेजारी दुरुस्ती नसते. ही बाब लेखकांनी गांभीर्याने घ्यायला हवी. नावांचेही तसेच आहे. एका दिवसाच्या अंकात आपले नाव छापायला कुणी होकार दिला, म्हणून त्याने वर्षानुवर्षे ग्रंथालयात राहणाऱ्या पुस्तकासाठी होकार दिला असे होत नाही. पीडितांविषयीच्या लेखांत नवी संमती घेतल्याचा किंवा नावे बदलल्याचा उल्लेख असेल, तर लेखकाने मजकूर खरोखर पुन्हा हाताळला आहे असे समजावे.

प्रबंधावरून केलेल्या पुस्तकात थेट संशोधनपद्धतीच्या प्रकरणाकडे जावे. ते काढूनच टाकले असेल, तर पुढच्या टक्केवारीवर विश्वास ठेवायला आधार राहत नाही. ते असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, किती जणांना विचारले आणि त्यांना कसे निवडले. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडलेल्या १०० जणांच्या पाहणीत ९५ टक्के विश्वासपातळीला (अशा शंभर पाहण्यांपैकी ९५ मध्ये खरी ठरेल अशी खात्री) चूक सुमारे १० टक्के बिंदूंपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते. ४०० जणांत ती ५ वर येते. म्हणजे शंभरांच्या पाहणीत ‘५४ विरुद्ध ४६’ यावरून कुणाचा कौल जास्त हे सांगता येत नाही. त्यात सोयीने भेटलेल्या विद्यार्थ्यांनाच विचारले असेल तर हे गणितही लागू होत नाही. त्या शंभरांतले अठरा जण वेगळे काढून त्यांची टक्केवारी दिली असेल, तर तिथे एक माणूस म्हणजे साडेपाच टक्के होतात हे लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट आशयविश्लेषणाची, म्हणजे छापलेला मजकूर ठरलेल्या वर्गांत टाकून मोजण्याची. दैनिकाचा वर्षभराचा आशय तपासल्याचा दावा असतो आणि अंक घेतलेले असतात एका सलग महिन्याचे. त्या महिन्यात निवडणूक, अधिवेशन किंवा मोठी दुर्घटना आली की निष्कर्ष तिकडेच झुकतो. यावर जुना आणि सोपा उपाय आहे तो रचित आठवड्याचा. वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून एक, सगळ्या मंगळवारांतून एक, असे सात अंक चिठ्ठ्या टाकून निवडायचे. एका वर्षाच्या दैनिकासाठी असे दोन रचित आठवडे, म्हणजे १४ अंक, पुरेसे ठरतात हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. तिसरी गोष्ट : वर्गवारी एकट्याने केली की दोघांनी? दोघांनी स्वतंत्रपणे केली असेल तर त्यांचे किती जुळले याचा आकडा हवा. क्रिपेनडॉर्फचा अल्फा (योगायोगाने जुळलेले वगळून जुळणी सांगणारा आकडा, पूर्ण जुळले तर १) ०.८० किंवा त्याहून जास्त असेल तर चांगले, ०.६६७ च्या खाली असेल तर निष्कर्ष काढूच नयेत. हा आकडा छापणारे पुस्तक डोळे मिटून घ्यावे असे नाही, पण ते कपाटात ठेवण्याच्या लायकीचे नक्कीच असते.

पूर्वसाहित्याचा आढावा चाळीस पानांचा असेल तर तो मार्गदर्शकासाठी लिहिलेला आहे, वाचकासाठी नाही. आणि रंगीत चक्राकृती आलेख काळ्या-पांढऱ्यात छापले असतील तर करड्या रंगाच्या पाच छटांतली कुठली कशाची ते ओळखू येत नाही. साधा तक्ता अशा वेळी कितीतरी बरा.

क्रमिक पुस्तकांच्या बाबतीत जास्त कठोर व्हावे लागते, कारण एका पुस्तकातली चूक पुढच्या पुस्तकात उतरते. दुकानातच करता येतील अशा तीन चाचण्या आहेत. संदेश पाठवणाऱ्याकडून घेणाऱ्यापर्यंत कसा जातो हे दाखवणाऱ्या शॅनन आणि वीव्हर यांच्या प्रतिमानाच्या आकृतीत प्रतिसादाचा उलटा बाण दाखवला आहे का? शॅननच्या १९४८ च्या मूळ आकृतीत तो नाही. तो नंतरच्या अभ्यासकांनी जोडला. दुसरी चाचणी विषयनिश्चितीच्या (अजेंडा-सेटिंग) सिद्धांताची : माध्यमे ज्या विषयांना महत्त्व देतात ते लोकांनाही महत्त्वाचे वाटतात, असे तो सांगतो. मॅककोम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत तिथल्या चॅपल हिल या गावी मत न ठरलेल्या १०० मतदारांशी बोलून हा अभ्यास केला आणि तो १९७२ साली प्रसिद्ध झाला. माध्यमे काय विचार करायचा ते सांगण्यात फारशी यशस्वी नसतात, पण कशाविषयी विचार करायचा ते सांगण्यात विलक्षण यशस्वी असतात, हे निरीक्षण मात्र अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ बर्नार्ड कोहेन यांचे, १९६३ चे. ते मॅककोम्ब्स आणि शॉ यांच्या नावावर खपवले असेल तर पुस्तक खाली ठेवावे. माध्यमांनी आणि मतदारांनी विषयांना दिलेले महत्त्व किती जुळते हे सांगणारा त्याच अभ्यासातला ०.९६७ हा सहसंबंध (पूर्ण जुळले तर १) ‘माध्यमांमुळेच लोकांचे विषय ठरतात’ याचा पुरावा म्हणून दिला असेल तरीही. सहसंबंधातून कार्यकारण सिद्ध होत नाही, आणि हे विद्यार्थ्याला शिकवणे हेच त्या पुस्तकाचे काम आहे. तिसरी चाचणी : उलटा पिरॅमिड अमेरिकी यादवी युद्धात तारयंत्र तुटत असे म्हणून जन्मला, असे ठाम लिहिले आहे का? ही कथा गोड आहे, पण अभ्यासकांत त्यावर वाद आहे. या रचनेचा नियमित वापर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो, असे जुने अंक तपासणाऱ्यांचे म्हणणे आहे. ज्या पुस्तकात निदान ‘असे म्हणतात’ एवढे तरी आहे, त्याचा लेखक सावध आहे.

दीर्घ रिपोर्ताज ही या सगळ्यांत मनापासून शिफारस करावी अशी जात. इथे जुनी फाइल नसतेच. लेखक पुस्तकासाठीच हिंडलेला असतो. पण इथेही एक खड्डा आहे. लेखक हजर नव्हता त्या प्रसंगातले संवाद अवतरणचिन्हांत येतात. असा एखादा संवाद निवडावा आणि लेखकाला हे कसे कळले याचे उत्तर पुस्तकात शोधावे. दोघांपैकी एकाने सांगितले, की दोघांनी, की कागदपत्रांत नोंद होती? चांगल्या रिपोर्ताजच्या शेवटी चार-पाच पानांची पद्धतीविषयक टीप असते आणि तिथे हे उत्तर सापडते. दोन-तीन माणसे मिसळून एक पात्र केले असेल तर तेही तिथेच स्पष्ट सांगितलेले हवे. शंभर-दोनशे नावे असूनही शेवटी सूची नसेल तर संदर्भासाठी पुस्तक निरुपयोगी. टीपांत नुसते संकेतस्थळांचे दुवे असतील तर त्यांतले बरेच काही वर्षांत मरतात. पाहिल्याची तारीख आणि जतन केलेली प्रत यांचा उल्लेख असावा.

छपाईकडे नजर टाकायला दोन मिनिटे पुरतात. संकेतस्थळावरून उचललेले छायाचित्र १२०० पिक्सेल रुंद असेल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ते ४ इंच रुंदच नीट छापता येते. पूर्ण पानभर ताणले की चेहरे फुटतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर ह्रस्व वेलांटी आणि रफार तपासावेत. जुन्या फॉन्टांत वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. रूपांतर कच्चे असेल तर ‘स्थिर’, ‘निर्णय’, ‘वार्ता’ असे शब्द मोडतात, आणि ते मोडलेले दिसले तर मुद्रितशोधन झालेलेच नाही. जाड पुस्तक शिवलेल्या फर्म्यांचे (घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांचे) असेल तर सपाट उघडते. नुसत्या डिंकावरचे असेल तर आतला समास पुरेसा आहे ना, ते मधले पान उघडून पाहावे.

शेवटी श्रेयपान. तिथे ‘दुसरे मुद्रण’ आहे की ‘दुसरी आवृत्ती’, हे वाचावे. मुद्रण असेल तर पहिल्या छपाईतल्या चुका जशाच्या तशा आल्या असे धरावे. आवृत्ती म्हटली असेल तर प्रस्तावनेत काय बदलले ते सांगितलेले हवे. तसे नसेल तर पहिल्याच छपाईची जुनी प्रत मिळवली तरी चालते.