टॉमकॅट १०.१ : फोल्डरांची मांडणी आणि कड्याकुलपं

जावातली वेब ॲप्लिकेशनं चालवणाऱ्या अपाचे टॉमकॅटची टार फाइल (बांधलेलं पॅकेज) उलगडली की सात फोल्डर दिसतात: बिन, कॉन्फ, लिब, लॉग्ज, टेम्प, वेबॅप्स आणि वर्क. जावा वेब सर्व्हरमध्ये इतकी सुटसुटीत मांडणी क्वचित मिळते. पाचव्या आवृत्तीपर्यंत जार फाइली (जावाच्या लायब्ररी) कॉमन, सर्व्हर आणि शेअर्ड अशा तीन ठिकाणी पांगलेल्या असत. सहाव्यापासून एकच लिब आलं आणि अर्धी डोकेदुखी गेली. तरी पूर्ण गुण देता येत नाहीत. ज्या एका सोयीमुळे हा सर्व्हर खरा सुरक्षित आणि अपग्रेडला सोपा होतो, ती मुळातच असूनही आपोआप चालू होत नाही.

ती सोय म्हणजे कॅटॅलिना होम आणि कॅटॅलिना बेस यांची फारकत. होममध्ये टॉमकॅटचं स्वतःचं सामान राहतं, म्हणजे बिन आणि लिब. बेसमध्ये आपला संसार: कॉन्फ, लॉग्ज, टेम्प, वेबॅप्स, वर्क. काहीच सांगितलं नाही तर दोन्ही एकच धरले जातात आणि बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षं तसंच चालतं. मग अपग्रेडच्या दिवशी जुन्या फोल्डरात आपलं काय आणि टॉमकॅटचं काय, हे निवडत बसावं लागतं. धान्यातून खडे निवडावेत तसं. बिनमधली मेकबेस नावाची स्क्रिप्ट रिकामा बेस तयार करून देते. त्यानंतर अपग्रेड म्हणजे नवं होम शेजारी उलगडायचं, सिमलिंक (होमकडे बोट दाखवणारा दुवा) वळवायची, रीस्टार्ट करायचं. फक्त नव्या सर्व्हर डॉट एक्सएमएलशी (मुख्य सेटिंगच्या फाइलीशी) आपली फाइल एकदा ताडून पाहावी. एका मशीनवर दोन बेस चालवायचे असतील तर वेबचा ८०८० पोर्ट बदलून भागत नाही, शटडाउनचा ८००५ पोर्टही वेगळा द्यावा लागतो. तो विसरला की दुसरा सर्व्हर ‘पोर्ट आधीच वापरात’ म्हणत उठतच नाही.

मेमरीसारखे पर्याय सेटएनव्ह या स्क्रिप्टमध्ये लिहायचे. ही फाइल पॅकेजमध्ये येत नाही, बेसच्या बिनमध्ये स्वतः बनवायची. त्यात हीप (जावाची मेमरी) आणि जेएमएक्सचे (देखरेखीच्या सोयीचे) पर्याय जावा ऑप्ट्समध्ये टाकू नका, कॅटॅलिना ऑप्ट्समध्ये टाका. जावा ऑप्ट्स सर्व्हर थांबवणाऱ्या छोट्या प्रोसेसलाही लागू होतात. ती तोच जेएमएक्स पोर्ट मागते, तो आधीच अडलेला असतो आणि सर्व्हर बंद व्हायला तयार होत नाही.

आता परवानग्या. टॉमकॅट रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालवू नये हे सगळ्यांना पाठ असतं. पण टॉमकॅट नावाचा युजर बनवून सगळं झाड त्याच्याच मालकीचं करून टाकलं तर निम्मं काम वाया गेलं. ॲप्लिकेशनमध्ये एखादं भोक सापडलं की घुसणारा त्याच युजरच्या हक्काने कॉन्फ बदलू शकतो, वेबॅप्समध्ये स्वतःचं जेएसपी (सर्व्हरवर चालणारं पान) ठेवू शकतो. म्हणून मालक रूट आणि ग्रुप टॉमकॅट. फाइलींना ६४० (मालकाला वाचणं-लिहिणं, ग्रुपला फक्त वाचणं), फोल्डरांना आणि बिनमधल्या स्क्रिप्टना ७५० (चालवण्याचा हक्कही). लॉग्ज, टेम्प आणि वर्क एवढीच तीन फोल्डर टॉमकॅट युजरच्या मालकीची असावीत. इथे एक ठेच हमखास लागते: टारमधल्या कॉन्फच्या फाइलींना मूळची परवानगी ६०० (फक्त मालकाला) असते. रूटने उलगडून ग्रुपला वाचण्याचा हक्क दिला नाही तर सर्व्हर डॉट एक्सएमएल वाचता येत नाही म्हणून सर्व्हर सुरूच होत नाही. अशा वेळी वैतागून ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क) देणारे कमी नाहीत.

वेबॅप्स रूटच्या मालकीचं केलं की वॉर फाइल (ॲप्लिकेशनचं पॅकेज) आपोआप उलगडणं बंद पडतं, कारण टॉमकॅटला तिथे लिहिता येत नाही. उपाय दोन: डिप्लॉय करणाऱ्या स्क्रिप्टनेच वॉर उलगडून ठेवायची, किंवा सर्व्हर डॉट एक्सएमएलमधल्या होस्टवर अनपॅक-वॉर्स फॉल्स करायचं. ऑटो-डिप्लॉयही (चालू सर्व्हरवर ॲप्लिकेशन आपोआप बसवणं-काढणं) प्रॉडक्शनमध्ये बंदच बरं. चालू असताना कुणी वॉर फाइल ‘जागा खाते’ म्हणून उडवली तर टॉमकॅट उलगडलेलं ॲप्लिकेशनही काढून टाकतो.

डेबियन लिनक्सच्या पॅकेजमध्ये ही विभागणी तयार मिळते: होम यूएसआर-शेअरखाली, बेस व्हार-लिबखाली, कॉन्फ ईटीसीत. सोय चांगली आहे, पण सिस्टमडीच्या (सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) युनिटमध्ये लिहिण्याच्या जागा मोजक्याच मोकळ्या ठेवल्या आहेत. अपलोडसाठी वेगळं फोल्डर केलं आणि परवानग्या बरोबर असूनही ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टम’ असा एरर आला, तर परवानग्यांशी झटत बसू नका. युनिटला ओव्हरराइड जोडून तिथे रीड-राइट-पाथ्स वाढवायचा.

मूळ सेटिंग आता पूर्वीपेक्षा बरीच शहाणी आहेत. २०२० मध्ये घोस्टकॅट नावाचं सुरक्षेतलं भोक गाजलं (नोंद क्रमांक सीव्हीई-२०२०-१९३८). ८००९ वरचा एजेपी कनेक्टर (पुढच्या वेब सर्व्हरशी बोलण्याचा मार्ग) तेव्हा मुळातच उघडा असे आणि त्यातून वेब-इन्फमधल्या (बाहेर न दिसणाऱ्या) फाइलीही वाचता येत. ९.०.३१ पासून तो कॉमेंटमध्ये असतो आणि चालू केलाच तर सीक्रेट मागतो. डिफॉल्ट सर्व्हलेटचं (साध्या फाइली देणाऱ्या भागाचं) रीड-ओन्ली मुळात ट्रू असतं. ते बदलू नये. २०२५ च्या सीव्हीई-२०२५-२४८१३ मध्ये हल्ल्याची पहिली अटच हा लिहिण्याचा हक्क उघडा असणं ही होती. १०.१ वापरणाऱ्यांकडे १०.१.३५ किंवा पुढची आवृत्ती हवीच.

वेबॅप्समधून एक्झाम्पल्स, डॉक्स आणि होस्ट-मॅनेजर पहिल्याच दिवशी काढावेत. मॅनेजर (ॲप्लिकेशनं सांभाळण्याचं पान) लागत नसेल तर तोही. लागत असेल तर एक गोष्ट नीट पाहा, कारण ती भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. मॅनेजर मुळात फक्त त्याच मशीनवरून उघडतो, तिथे आयपी तपासणारा व्हॉल्व्ह (रिक्वेस्ट गाळणारा भाग) बसवलेला असतो. पण त्याच मशीनवर पुढे एनजिनएक्स हा प्रॉक्सी (मधला वेब सर्व्हर) लावला की जगातली प्रत्येक रिक्वेस्ट टॉमकॅटला १२७.०.०.१ वरूनच आल्यासारखी दिसते. पहारेकरी जागेवर, दार सताड उघडं. रिमोट-आयपी व्हॉल्व्ह लावून खरा पत्ता आत पोचवायचा आणि प्रॉक्सीवर मॅनेजरचा मार्गच अडवायचा, दोन्ही करावं. पासवर्ड पाच वेळा चुकला तर लॉकआउट रेल्म (लॉगिन तपासणारा भाग) तो युजर ३०० सेकंद अडवतो, पण तेवढ्यावर विसंबू नये. टॉमकॅट-युजर्समधले पासवर्ड साधे लिहिण्याऐवजी क्रेडेन्शियल-हँडलर लावून डायजेस्ट स्क्रिप्टने हॅश करून (मूळ शब्द परत न मिळणाऱ्या रूपात) ठेवता येतात.

शटडाउन पोर्ट उणे १ केला की तो बंद होतो. मात्र मग नेहमीची शटडाउन स्क्रिप्ट चालायला पीआयडी फाइल (प्रोसेसचा क्रमांक ठेवणारी) लागते. सिस्टमडी असेल तर प्रश्न नाही. एरर पानावरचा आवृत्ती क्रमांक आणि स्टॅक ट्रेस (चूक कोडमध्ये कुठे झाली त्याचा माग) लपवायला एरर-रिपोर्ट व्हॉल्व्हमध्ये शो-सर्व्हर-इन्फो आणि शो-रिपोर्ट फॉल्स करायचे.

लॉगच्या बाबतीत टॉमकॅट अर्धवट आहे. तारखेच्या फाइली तो स्वतः फिरवतो, पण कॅटॅलिना डॉट आउट फुगतच जाते, तिला लॉगरोटेट (जुने लॉग बाजूला काढणारं साधन) लावावं लागतं. त्यात कॉपी-ट्रंकेट (नक्कल काढून मूळ फाइल रिकामी करणं) द्यायला विसरू नका. नाहीतर नाव बदललेल्या जुन्याच फाइलीत लिहिणं चालू राहतं आणि डिस्क भरते.

टॉमकॅट ९ वर चालणारी जुनी वॉर १०.१ च्या वेबॅप्समध्ये टाकून उपयोग नाही, कारण पॅकेजांची नावं जावॅक्सवरून जकार्ता झाली आहेत. बेसमध्ये वेबॅप्स-जावाईई नावाचं फोल्डर करून वॉर त्यात ठेवली की टॉमकॅट ती बदलून वेबॅप्समध्ये लिहितो. अर्थात वर सांगितल्याप्रमाणे वेबॅप्स रूटचं केलं असेल तर इथेही अडेल. तेव्हा रूपांतर बाहेरच, मायग्रेशन टूलने करून घ्यावं.